वाचकांचे प्रश्न : ‘मंडळी’ या शब्दामागचा वाद

प्रश्न : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, म्हणजे युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील वाद ऐन भरात असताना. धर्मशास्त्राच्या या वादांनी साहित्य घडवले, की साहित्याने वादांना वळण दिले? शिवाय फादर साष्टीत राहत होते असे वाचले. ती साष्टी आम्हा ठाणेकरांचीच का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी साष्टीबद्दल, कारण हा घोटाळा पुष्कळांचा होतो. ठाणे शहर ज्या बेटाच्या काठाला वसले आहे त्याला साष्टी म्हणतात आणि गोव्याच्या दक्षिण भागातही एक साष्टी आहे; सहासष्ट गावांवरून हे नाव पडले असे दोन्हीकडे सांगतात. दोन्ही प्रदेश पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते (ठाणे १७३७ साली मराठ्यांनी घेतले), त्यामुळे जुन्या कागदपत्रांत दोन्ही नावे सारखीच दिसतात. मूळचे इंग्लंडचे स्टीफन्स १५७९ साली लिस्बनहून गोव्यात आले, त्यांनी गोव्याच्या साष्टीत काम केले आणि बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणारा त्यांचा ग्रंथ तेथील रायतूरला छापला गेला. ती साष्टी आपली नव्हे. मात्र त्यांची भाषा आपली होती.

आता मुख्य प्रश्न. घडवणे दोन्ही बाजूंनी झाले आणि त्याचे कारण असे की त्या काळचा वाद मुळात शब्दांवरच चालला होता. धर्मग्रंथ हाच अंतिम आधार, अशी भूमिका प्रोटेस्टंट पंथाचे जर्मन प्रवर्तक मार्टिन लूथर यांनी घेतल्यावर त्या ग्रंथातील प्रत्येक शब्दाचे भाषांतर हा धर्माचा निर्णय होऊन बसला. विल्यम टिंडेल यांनी इंग्रजीत आणलेला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा उत्तरभाग, १५२६ साली छापून झाला. मूळ ग्रीकमधील ‘एक्लेसिया’ या शब्दासाठी त्यांनी ‘चर्च’ न वापरता ‘काँग्रिगेशन’, म्हणजे जमलेले लोक, हा शब्द घेतला, ‘प्रेस्बितेरोस’साठी धर्मगुरू न म्हणता वयाने वडील अशा अर्थाचा शब्द योजला, आणि ‘आगापे’साठी ‘चॅरिटी’ (दानधर्माकडे झुकणारा शब्द) ऐवजी साधे ‘लव्ह’ लिहिले. कॅथलिक पक्षाचे इंग्रज विद्वान थॉमस मोर यांनी या तिन्ही शब्दांवर कठोर हल्ला चढवला आणि त्यांच्या बाजूने पाहता तो योग्यच होता, कारण जेथे लोक जमतात तेच चर्च असेल तर पोपच्या अधिकाराचा पायाच निसटतो. टिंडेल यांना १५३६ साली देहान्त शासन झाले. पुढे राजा जेम्स यांच्या आज्ञेने १६११ चे बायबल तयार करताना भाषांतरकारांना लेखी नियम घालून दिले गेले. जुने धार्मिक शब्द कायम ठेवावेत आणि ‘चर्च’चे ‘काँग्रिगेशन’ करू नये, असे त्यांतील एका नियमात स्पष्ट म्हटले होते. असे असूनही त्या बायबलच्या वाक्यांचा ओघ फार मोठ्या प्रमाणात टिंडेल यांचाच राहिला आणि इंग्रजी गद्याचा कान त्यावर घडला.

हे सारे दूरचे वाटत असेल, तर बायबल सोसायटीचे मराठी बायबल उघडून पाहावे. येशू आपला शिष्य पेत्र याला म्हणतो, ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन’. आपण ‘घरची मंडळी’, ‘भजनी मंडळी’ म्हणतो तोच हा शब्द. त्याच ग्रंथात मंडळीचे ‘वडील’ येतात, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ‘प्रीती’ येते. टिंडेल यांच्या ज्या तीन शब्दांवर रणे माजली, त्या तिन्ही शब्दांची निवड मराठी प्रोटेस्टंट परंपरेने त्यांच्याच अंगाने केलेली दिसते. मराठी कॅथलिक मात्र ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमधील मराठी कॅथलिक आणि त्याच शहरातील एखादा मराठी प्रोटेस्टंट यांच्या तोंडी येणाऱ्या या दोन शब्दांमध्ये पाचशे वर्षांपूर्वीचा तो वाद अजून उभा आहे.

रंगभूमीवर हाच व्यवहार वेगळ्या रीतीने दिसतो. मृत्यूनंतर आत्मा काही काळ शुद्धीच्या अग्नीत राहतो, ही कॅथलिक शिकवण इंग्लंडच्या चर्चने आपल्या एकोणचाळीस कलमांत नाकारली होती. तरीही १६०० च्या सुमारास लिहिलेल्या शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’मध्ये मृत राजाचा आत्मा येऊन आपण ठरावीक मुदतीसाठी अशाच अग्नीत आहोत असे सांगतो, आणि ज्याला तो हे सांगतो तो मुलगा शिकतो लूथर यांच्या विटेनबर्गमध्ये. हा खरोखर बाप आहे की सैतानाने घेतलेले रूप, या शंकेने हॅम्लेट गोठतो, आणि सबंध नाटक त्या शंकेवर उभे राहते. धर्मपंडितांना ज्याचा निकाल लावणे भाग होते, त्याचा निकाल न लावता नाटककार ते मनात साठवू शकला. माझ्या मते साहित्याने वादाला दिलेली ही सर्वांत मोठी परतफेड होय. जॉन मिल्टन यांनाही आदाम आणि इव्ह यांच्या पतनाची कथा सांगणाऱ्या १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात मनुष्याला निवडीचे स्वातंत्र्य द्यावेच लागले. ते त्यांचे मत होतेच, पण सारे पूर्वनियोजित असेल तर फळाकडे जाणाऱ्या इव्हच्या हाताकडे वाचक श्वास रोखून कशाला पाहील?

स्टीफन्स यांच्यापुढची अडचण निराळी होती. लोकभाषेतील बायबलबद्दल, प्रोटेस्टंटांना उत्तर देण्यासाठी सोळाव्या शतकात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतरचे कॅथलिक चर्च अतिशय सावध होते. धर्माधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ते वाचता येत नसे. स्टीफन्स यांनी भाषांतर केलेच नाही, तर जवळजवळ अकरा हजार ओव्यांत कथा पुन्हा सांगितली, आणि त्यासाठी ज्ञानेश्वर-एकनाथांनी रुळवलेला छंद घेतला. मला वाटते की पुराणाची ही वाट त्यांना मोकळी होती ती याच कारणाने. ग्रंथ रोमन लिपीत आणि इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, परवानगीने छापला गेला. तो लिहिताना प्रत्येक शब्दाशी त्यांना तोच निर्णय घ्यावा लागला जो टिंडेल यांनी घेतला होता. स्वर्गासाठी ते निःसंकोच ‘वैकुंठ’ म्हणतात, देवाला ‘परमेश्वर’ म्हणतात. पवित्र आत्म्यासाठी मात्र ‘स्पिरितु सांतु’ हा परका शब्द तसाच ठेवतात, कारण तेथे जवळचा शब्द घेतला असता तर सिद्धान्त ढळला असता. वैकुंठ देता येते आणि आत्मा देता येत नाही, ही रेषा एका कवीने मराठीत आखली, आणि ती पाहिल्यावर ‘भासांमाजी चोखळा भासा मराठी’ ही त्यांची ओवी केवळ स्तुती म्हणून वाचवत नाही.

आपण हा ग्रंथ हाती घ्याल तेव्हा त्यातील पहिल्या पुराणाचा (भागाचा) पहिला अवस्वर, म्हणजे सर्ग, सावकाश वाचावा. तेथे धर्मशिक्षण चालू असताना एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्री गुरूला विचारतो की आमची मागील पुराणे तुम्ही निषिद्ध केलीत, तर त्यांच्या जागी तशीच दुसरी आम्हाला का देत नाही? गोव्यात तेव्हा देवळे पाडली गेली होती आणि देशी भाषांतील ग्रंथ जप्त होऊन जळत होते. वादाने जे हिरावून घेतले ते काव्याच्या रूपाने परत मागणारा हा माणूस ग्रंथाच्या आरंभीच बसलेला आहे, आणि पुढच्या सगळ्या ओव्या त्याला दिलेले उत्तर आहेत.