विज्ञान आणि निसर्ग यांतून चित्रकाराला प्रेरणा नेमकी कशी मिळते?

हा प्रश्न निघाला की गाडी हमखास सुवर्ण गुणोत्तरावर (सुमारे १:१.६१८ हे सुंदर मानलं जाणारं प्रमाण) आणि शंखाच्या वळणावर जाते. मला ते फारसं पटत नाही. पुष्कळदा चित्र पूर्ण झाल्यावर दुसऱ्याच कोणीतरी त्यावर पट्टी ठेवून ते गुणोत्तर शोधलेलं असतं. खरी प्रेरणा बहुधा एखाद्या अडचणीतून किंवा बारीक निरीक्षणातून येते.

मिशेल शव्ह्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ घ्या. पॅरिसमधल्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम त्याच्या देखरेखीखाली चाले. तक्रार आली, की पडद्यांवरच्या चित्रांत निळ्या-जांभळ्या कपड्यांच्या सावलीत वापरलेला काळा रंग उठून दिसत नाही. त्याने तो तपासला, तर रंगात खोट नव्हतीच. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. शेजारी आलेले रंग एकमेकांचं रूप बदलतात, हे त्याने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे एक नारिंगीवर, एक निळ्यावर ठेवून बघा; पहिला निळसर वाटेल, दुसऱ्यावर नारिंगी झाक येईल.

पुढे झॉर्झ सरा या चित्रकाराने हाच नियम हाताशी धरला. १८८४ ते १८८६ या काळात रंगवलेल्या ‘ला ग्रांद जात’ या सुमारे दोन बाय तीन मीटरच्या चित्रात त्याने रंग मिसळण्याऐवजी ठिपक्यांनी शेजारी-शेजारी मांडले. गंमत म्हणजे, त्यात वापरलेला झिंक यलो हा तेव्हाचा नवा पिवळा रंग काही वर्षांतच तपकिरी पडला. म्हणजे प्रकाशविज्ञानाने दिलं, ते रसायनाने थोडं काढूनही घेतलं!

निसर्गाचं म्हणाल, तर मारिया सिबिला मेरियन ही कीटकांचा अभ्यास करणारी जर्मन चित्रकार माझी लाडकी. १६९९ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ती मुलीला घेऊन कीटकांसाठी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. १७०५ च्या तिच्या पुस्तकात सुरवंट, कोष, फुलपाखरू आणि ज्यावर ते जगतात ते झाड हे सगळं एकाच पानावर येतं. जीवनचक्र दाखवायचं म्हणून तिला चित्राची मांडणीच नव्याने करावी लागली, आणि त्या मांडणीमुळेच ती पानं आजही बघत राहावीशी वाटतात.

आणखी एक नाव, जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल. त्याने सूक्ष्मदर्शकाखालच्या रेडिओलेरिया या समुद्री जीवांचे सांगाडे रेखाटले, आणि त्यांवरून वास्तुरचनाकार रने बिने याने पॅरिसच्या १९०० च्या जागतिक प्रदर्शनाचं भव्य प्रवेशद्वार उभारलं. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवाच्या आकाराखालून माणसांची गर्दी आत जात होती.