ख्रिश्चन संस्थेमार्फत मूल स्पॉन्सर केलं तर त्याच्या शिक्षणाला खरंच हातभार लागतो का, की पैसा धर्मप्रचारातच जातो?

मी स्वतः 'प्रोजेक्टची मुलगी', म्हणजे अशाच संस्थेमार्फत स्पॉन्सर झालेली मुलगी होते, म्हणून लिहिते. संस्थेचं नाव सांगत नाही.

गाव बीड जिल्ह्यातलं. आई-बाप ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असायची, त्यामुळे दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत आणि आम्ही पोरं त्यावर. मी नऊ वर्षांची असताना तालुक्याच्या चर्चमध्ये स्पॉन्सरशिपचं केंद्र सुरू झालं. नियम असा, की बाराच्या आतलीच मुलं घ्यायची. ताई तेरा वर्षांची होती. माझं नाव लागलं, तिचं नाही.

लोकांना वाटतं स्पॉन्सरशिप म्हणजे फी. जिल्हा परिषदेच्या शाळेत कसली आली फी? आमची शाळा फीमुळे सुटत नव्हती, ऊसाच्या फडावर गेल्यामुळे सुटत होती. केंद्रात हजेरी होती. दोन-तीन आठवडे मूल दिसलं नाही की तिथल्या बाई घरी यायच्या. त्यांनी वडिलांना सांगितलं, पोरगी आजीजवळ ठेवा, वह्या-दप्तर आणि शनिवारचं जेवण आम्ही बघतो, संध्याकाळी गणित-इंग्रजीची शिकवणी आहेच. वडील कुरकुरले, पण ठेवलं. सहा महिन्यांची गैरहजेरी थांबली, एवढाच काय तो चमत्कार. ताई मात्र सातवीनंतर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक करायला आणि धाकट्याला सांभाळायला गेली. सोळाव्या वर्षी लग्न. मी जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला, आता पुण्यात नर्स आहे.

एका घरच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण गंमत बघा, २०१३ साली ब्रूस वायडिक, पॉल ग्लेव्वे आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला, तो जवळपास आमच्याच घरासारख्या घरांवर उभा आहे. कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेच्या कार्यक्रमाचा हा अभ्यास, भारत धरून सहा देशांतला, दहा हजारांवर लोकांची माहिती घेऊन केलेला. तिथेही बाराची अट होती. त्यामुळे वयात बसलेली भावंडं आणि वय उलटून गेल्यामुळे राहिलेली मोठी भावंडं यांची तुलना करता आली. स्पॉन्सर झालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. जिथे एरवी शंभरात ४५च्या आसपास मुलं माध्यमिक शिक्षण पुरं करत होती, तिथे आणखी १२ ते १८ मुलं करू लागली. दीड वर्ष ऐकायला किरकोळ वाटेल. सातवी आणि नववी यांत काय फरक असतो ते आमच्या गावात विचारा.

आता धर्माचं. आम्ही ख्रिस्ती नव्हतो, आजही नाही. केंद्रात प्रार्थना व्हायची, बायबलच्या गोष्टी असायच्या, नाताळाला नाटक. मी दोनदा मेंढपाळ झाले. बाप्तिस्मा घ्या असं आम्हाला कोणी म्हटलं नाही, पण सगळीकडे असंच असतं असं मी म्हणणार नाही. हा संशय जुना आहे. पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन १८८९ मध्ये सुरू झालं ते अमेरिकेतून गोळा होणाऱ्या वर्गणीवर, आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्याच वादावरून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तुम्हाला हे खटकत असेल तर धर्माशी संबंध नसलेल्या संस्था आहेत, तिकडे द्या. मनात अढी ठेवून देऊ नका.

मला खटकतं ते वेगळंच. हा पैसा परदेशातून येतो तेव्हा तो एका सहीने थांबू शकतो. केंद्र सरकारने परदेशी पैशासाठी पूर्वपरवानगीची अट घातल्यावर कम्पॅशनने मार्च २०१७ मध्ये भारतातलं काम बंद केलं. तेव्हा तिच्या यादीत जवळपास १,४५,००० मुलं होती. मध्येच सुटलेल्या आठवीतल्या पोराचं पुढे काय, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. म्हणून तुम्ही भारतातूनच देत असाल तर मला ते जास्त पक्कं वाटतं. देण्याआधी संस्थेला एक प्रश्न विचारा: मूल दिवाळी ते होळी कुठे राहतं? गडबडून गेले तर समजा, कुणी घरी जाऊन बघत नाही.

आणि पत्र लिहा. माझ्या स्पॉन्सर कॅनडातल्या एक आजी होत्या. त्यांनी अंगणातल्या बर्फाचा फोटो पाठवला होता, मला वाटलं कापूस सांडलाय. प्रत्येक पत्रात विचारायच्या, यंदा कितवीत गेलीस? इतक्या लांबून कुणी विचारतंय म्हटल्यावर नापास व्हायची लाज वाटायची. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मात्र सगळ्या वर्षांत एकही पत्र आलं नाही. त्याचेही पैसे वेळेवर येत असणार, कारण वह्या त्यालाही मिळायच्या. पत्रं वाटायच्या दिवशी तो हापशावर पाणी प्यायला जायचा आणि वाटप संपल्यावरच परत यायचा.