पुतणीला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालाय, उपचारांच्या काळात घरच्यांनी काय करावं?

आधी मन घट्ट करा. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया, म्हणजे एएलएल (अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), चांगले उपचार मिळाले तर बहुतेक मुलांमध्ये पूर्ण बरा होतो. मात्र उपचार २ ते ३ वर्षं चालतात. पहिल्याच महिन्यात सगळे दमून जाऊ नका, पाळ्या लावून घ्या.

केमो (केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरवरची औषधं) सुरू असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप दिसला की मध्यरात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं. पांढऱ्या पेशी कमी असतात, संसर्ग काही तासांत बळावतो. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो.

तिच्याशी खोटं बोलू नका, ही माझी कळकळीची विनंती. "सुई टोचेल, थोडं दुखेल, मी हात धरून बसते" एवढं पुरतं. "काही नाही होणार" म्हणून सुई टोचली, की पुढच्या वेळी पोर कुणावरच विश्वास ठेवत नाही.

तिला भावंडं असतील तर त्यांच्याकडेही बघा. आपण भांडलो म्हणून ती आजारी पडली, असं लहानग्यांना वाटत राहतं. तसं नाही, आणि हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. त्यांना शाळेत सोडायचं काम तुम्ही अंगावर घेतलंत, तर तिच्या आईबाबांचा मोठा भार हलका होईल.