तुमचे प्रश्न: लाकडाचा स्टोव्ह आणि कौलारू घर

प्रश्न: महाबळेश्वरजवळच्या घरात हॉलमधे लोखंडी लाकडाचा स्टोव्ह बसवतोय. वेल्डर म्हणतो पत्र्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढून सोडू, बंबाला असतोच की तसा. चालेल का?

उत्तर: नका हो! बंब परसात असायचा, हा तुमच्या हॉलमधे आहे. भिंतीबाहेर सोडलेल्या आखूड पाइपला ओढ नसते, वारा फिरला की सगळा धूर घरात. पाइप सरळ वर न्या, कौलातून निघतो तिथून निदान ३ फूट वर आणि १० फुटांच्या आत छपराचा जो भाग येतो त्यापेक्षा २ फूट उंच. खरी भीती वाशांची, एकेरी पत्र्याचा पाइप लाकडापासून १८ इंच लांब हवा आणि तेवढी जागा छपरात मिळत नाही, म्हणून तिथे मधे इन्सुलेशन असलेला दुहेरी पाइपच घ्या, महाग पडतो पण पर्याय नाही. लाकूड वाळलेलंच जाळा, तिकडच्या पावसात भिजलेलं जाळलंत तर पाइपात डांबरासारखी काजळी धरते आणि तीच पेटते. पावसाळ्यानंतर पाइप साफ करायचाच.

आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्याचा अलार्म लावा, खिडकीची फट उघडी ठेवा.