पोरी, वही लिही

प्रिय पोरी,

परवा राऊहून इंदूरला आलीस आणि माझ्या ओटल्यावर बसून म्हणालीस, "मावशी, पाळणाघरासाठी पैसे मागायला गेले, तर ते तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागतात. कुठून आणू?" तेव्हा मी नुसता चहा दिला. आज लिहिते.

काम चांगलं आहे, ते सांगायला पत्र नको. परदेशीपुऱ्यातल्या बाया विजयनगरच्या फ्लॅटांत भांडी-फरशीला जातात, मागे पोरं कुलूप लावलेल्या खोलीत. त्या पोरांना तू पाळणाघर दिलंस. पण मी वही मागितली, तर तू मोबाईल पुढे केलास. पैसे आल्याचे स्क्रीनशॉट, आणि वर, "रोख सगळी डोक्यात आहे." डोक्यात! ऐकूनच मला राग आला.

वही लिही.

नियम कसे आहेत ते ऐक. मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजाच्या कामाला, खर्चावे लागतात. पण बाहेरच्या संस्थेला तो पैसा घ्यायचा तर नोंदणी हवी, आयकर खात्याचं १२ए हवं, ८०जी हवं, आणि तशाच कामाची किमान तीन वर्षं हवीत. स्टार्टअपची सरकारी मान्यता घ्यायला गेलीस तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, नोंदलेली भागीदारी असं काहीतरी लागतं. बचत गट त्यात बसत नाही. ज्याच्या घरात सीए आहे त्याची फाइल पहिल्या दिवसापासून तयार होते. तुझी कोण करणार? अन्याय आहे, मान्य. पण अन्याय आहे म्हणून तुझी तारीख कोणी मागे सरकवून देणार नाही. तीन वर्षं आजपासून मोजायची तरी आज लिहावं लागतं.

हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली. कामगारांचे थकलेले २२४ कोटी सुटले २०२३ च्या डिसेंबरात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या एवढी वर्षं बिस्किटाच्या डब्यात जपल्या. काका गेले, डबा राहिला. काकू शिकलेल्या नव्हत्या, तरी त्यांना कागदाची किंमत कळली होती. मला नाही कळली.

नऊ वर्षं मी शिलाईचं काम चालवलं, बावीस बायका. नोंद म्हणून एक पान नाही. एका कंपनीची माणसं आली, काम बघितलं, आवडलं, कागद मागितले. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. पैसा दुसऱ्या संस्थेला गेला. ती एका रविवारी येऊन आमच्याच मशिनींपुढे फोटो काढून गेली होती. चार जणी पुन्हा धुण्याभांड्याला लागल्या. त्यातली एक बाजारात दिसली की अजून मी रस्ता बदलते.

त्या संस्थेने नंतर आम्हाला पदराखाली घ्यायची तयारी दाखवली होती. मी नाही म्हटलं. लोक हट्टी म्हणाले. म्हणोत. त्यांच्या नावावर गेलो असतो तर शिलाईचा दर त्यांनी ठरवला असता. मी बरोबरच होते, आजही तेच म्हणेन. फक्त वही असती तर नाही म्हणून उठताना हात रिकामे नसते.

तर रोज संध्याकाळी, पोरं गेल्यावर: तारीख, मुलाचं नाव, आला किती वाजता, गेला किती वाजता, आईने काय दिलं, काय बाकी. बाकी लिहायची लाज वाटून घेऊ नकोस. बाजूला आईची सही नाहीतर अंगठा. मराठीत लिही, हिंदीत लिही, इंग्रजीसाठी अडून बसू नकोस. आणि हे पैसे तुझ्या खात्यात येणं बंद कर. सोसायटी नोंदवायला सात सभासद लागतात, सात आया तुझ्याकडे आहेतच. संस्थेच्या नावाचं खातं काढ, सह्या दोघींच्या. कंटाळा येईल, येऊ दे. वही लिही.

रविवारी ये. दोनशे पानी लांब वही आणून ठेवली आहे. मागचे चार महिने आठवतील तेवढे भरू. पण त्या पानांवर वरच लिहायचं, की हे आठवून लिहिलं आहे.

तुझी,
मावशी