नाण्याला चिंच लावू का?

प्रश्न : आजीच्या देवघरातल्या डबीत 1906 चा पाव आणा आणि 1944 चा भोकाचा पैसा सापडला. दोन्हींवर हळदकुंकू थापलंय, पैशावर हिरवे डाग आहेत. आई म्हणते, चिंचेनं घास, लखलखीत होतील. घासू का? आणि त्यांची ग्रेड कशी ठरवायची?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आईंना म्हणावं, चिंच आमटीत घाला. तिच्यातलं आम्ल मळासोबत वर्षानुवर्षं जमलेला तपकिरी थरही खाऊन टाकतं आणि खालचा धातू उघडा पडतो. आठवडाभर गुलाबी चमक, मग विटका रंग. लिंबू आणि पितांबरीची तीच गत. ग्रेडिंगवाले, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवून देणाऱ्या संस्था, घासलेल्या नाण्याला दर्जाचा आकडाच देत नाहीत, ‘क्लीन्ड’ असा शेरा मारून मोकळे होतात.

आधी हिरवा रंग कुठला ते पाहा. गर्द हिरवा, गुळगुळीत, नखाला न निघणारा असेल तर हात लावू नका. फिकट, भुकटीसारखा आणि दातकोरणीच्या टोकानं झडणारा असेल तर तो ब्राँझचा रोग, म्हणजे धातू खात जाणारा गंज. क्षार आणि दमट हवेनं तो पसरतो, आणि आपला जून-जुलै तर त्याला फारच मानवतो. असं नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा आणि जाणकाराला दाखवा.

हळदकुंकवासाठी नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. सकाळी लाकडी दातकोरणी ओली करून आडवी धरा आणि अक्षरांच्या खाचेतला मळ हळूच सरकवा, खरवडू नका. निरांजनातलं तूप चिकटलं असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ ठेवा. खिडकी उघडी, गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. शेवटी सुती कापडानं टिपा, पुसू नका.

ग्रेड चमकेवर नाही, झिजेवर ठरते. पाव आण्यावर एडवर्ड सातवा आहे, त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. भिंगातून कानावरचे केस पाहा. बटा सुट्या दिसल्या तर ‘व्हेरी फाइन’ ही ग्रेड किंवा तिच्या वर. केसांचा नुसता आकार उरला असेल तर तिच्याखालची ‘फाइन’ किंवा आणखी खाली. आजीनं रोज हळद लावून बोट फिरवलं असेल, तर चेहराच आधी झिजलेला असणार.

एक काम मात्र जरूर करा. गुजरीत एखाद्या सराफाच्या काट्यावर हा पाव आणा ठेवा. 1906 मध्ये तांब्याचा आणि ब्राँझचा, दोन्ही निघाले. साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरला तर तांबं, पाचाच्या किंचित आत भरला तर ब्राँझ. भोकाचे पैसे मात्र ढिगानं पाडले गेले, त्यांच्या भावाची आशा नको.

ठेवताना मऊ, वासाचं पीव्हीसी पाकीट टाळा, त्यानंच हिरवा चिकटा धरतो. मायलरची (पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ कागदाची) खिडकी असलेलं पुठ्ठ्याचं होल्डर घ्या, सोबत सिलिका जेलची पुडी टाका आणि डबी देवघरातून कपाटात हलवा.