जास्वंदीचा स्कर्ट आणि वरचा रंग

प्रश्न : ताई, मी ४६ वर्षांची आहे, सांगलीत एका बँकेत काम करते. उंची पाच फूट एक इंच. लेकीने पुण्याहून मिडी स्कर्ट आणलाय. काळ्या जमिनीवर तळहाताएवढी जास्वंदीची फुलं, राणी आणि शेंदरी, आणि मधले परागदांडे मोहरी पिवळे. मला तो फार आवडला. पण घातला की मी बुटकी दिसते आणि वर काय घालावं ते कळत नाही. पांढरा टॉप घालून पाहिला, काहीतरी खटकलं. आत्याबाई म्हणाल्या, ‘या वयात एवढी मोठी फुलं? विलायती थेरं!’ शनिवारी बँकेत आणि पुढे एका साखरपुड्याला घालायचा विचार आहे. काय करू?

उत्तर : वरचा रंग नंतर बघू, आधी लांबी. बुटकं दिसण्याचा दोष फुलांना देऊ नका. तयार मिडी बहुधा आपल्यापेक्षा उंच बाईच्या मापाने बेतलेली असते. तुमच्या अंगावर ती पोटरीच्या सगळ्यात भरलेल्या जागी संपत असणार, आणि तिथे संपणारा कुठलाही स्कर्ट पाय आखूड दाखवतो. आरशासमोर अनवाणी उभ्या राहा, काठ आत दुमडून टाचण्या लावा आणि गुडघ्याखाली चार बोटांवर कसं दिसतं ते बघा. काठाच्या दुमडीत कापड असेल तर उलटंही करून बघा, म्हणजे पोटरी उतरून बारीक होते तिथपर्यंत खाली सोडून. इंच-दीड इंचाने रूप पालटतं. कमी करायचं ठरलं तरी शिंप्याला कापू देऊ नका, कापड आत ठेवून हातशिलाई घालायला सांगा. खाली फुलांची किनार असेल तर लांबी वरून, नेफ्यातून घ्यायची. नाहीतर फुलं अर्धी दुमडली जातात आणि स्कर्टाची सगळी रया जाते.

आता रंग. स्कर्ट खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पसरा. ट्यूबलाइटखाली राणी रंग वेगळाच दिसतो. छापात सगळ्यात कमी असलेला रंग शोधा. तुमच्या पत्रात तो आलाच आहे : परागदांड्यांचा मोहरी पिवळा. तोच वर घ्या. राणी किंवा शेंदरी टॉप घेतलात तर तो फुलांशी भांडेल. पांढरा तुम्हाला खटकला ते अगदी बरोबर आहे, तुम्ही सांगितलेल्या रंगांत पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नाही. बँकेत जायला मात्र मी काळाच सुचवीन. जमीन काळी, वरही काळा, म्हणजे खांद्यापासून काठापर्यंत सलग उभा रंग मिळतो. ठेंगण्या बाईला तोच शोभतो.

टॉप आत खोचा. खोचायची सवय नसेल तर कमरेच्या हाडाशी संपेल असा आखूड शिवून घ्या. लांब कुर्ती यावर अजिबात नको, तिने स्कर्टही झाकला जातो आणि उंचीही.

साखरपुड्यासाठी मोहरी खणाचं, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं शिवा. खणाची नक्षी इतकी बारीक असते की चार हातांवरून कापड साधंच वाटतं आणि जवळ आल्यावर त्याची चमक कळते. मोठ्या छापाबरोबर असंच कापड मला सगळ्यात आवडतं. खणाचा काठ मात्र वापरू नका, उगाच आणखी एक रंग वाढतो. कानात मोत्याच्या कुड्या, गळा मोकळा. पायात साधी कोल्हापुरी. घोट्याला पट्टा असलेली चप्पल नको, पट्ट्याने पाय तिथेच तुटतो.

आणि आत्याबाईंना सांगा, ही थेरं विलायती नाहीत. मोठ्या फुलावेलींचं रंगीत सुती कापड कोरोमंडल किनाऱ्यावरून, मछलीपट्टणसारख्या बंदरांतून युरोपात जायचं. तिकडच्या बायका त्यावर इतक्या भाळल्या की आपले विणकर बुडतील म्हणून फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडनेही १७२१ मध्ये छापील सुती कापड अंगावर घालायलाच मनाई करणारा कायदा केला. वयाचं म्हणाल तर ४६व्या वर्षी बाईला आपल्याला काय आवडतं ते नीट ठाऊक असतं. तुम्हाला आवडलाय, तेव्हा घाला.

प्रश्न : फुलांचा रेयॉनचा स्कर्ट पहिल्याच धुण्यात आटला. दुसरा घेतलाय, त्याचं काय करू?

उत्तर : उंची कमी करायची असेल तर आधी एकदा धुऊन घ्या, मगच शिंप्याकडे द्या. गार पाण्यात, वेगळा, उलटा करून धुवा. रेयॉनचा धागा ओला असताना कमकुवत होतो, म्हणून पिळू नका. जुन्या टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढा, सावलीत आडवा पसरा आणि थोडा दमट असतानाच उलट बाजूने इस्त्री फिरवा.